वाटणीनंतरची तीस वर्षे

1 जानेवारी 1993 रोजी चेकोस्लोव्हाकियाची वाटणी झाली, तीही शांततेत. पण चेक आणि स्लोव्हाक यांच्या वाट्याला आलेले उद्योग सारखे नव्हते, आणि त्याचे परिणाम आजही दिसतात.

चेक भागात ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळातच कारखानदारी रुजली होती. म्लादा बोलेस्लाव्हचा पुस्तकविक्रेता क्लेमेंट याने नादुरुस्त सायकलीबद्दल जर्मन कंपनीला चेक भाषेत पत्र लिहिले. आम्हाला कळेल अशा भाषेत लिहा, असे उत्तर आले. चिडलेल्या क्लेमेंटने लाउरिन या कारागिराला सोबत घेऊन 1895 मध्ये स्वतःच सायकली बनवायला घेतल्या. दहा वर्षांत तिथे मोटार तयार झाली आणि 1925 मध्ये हा कारखाना स्कोडात विलीन झाला. बुडापेस्टच्या अमलाखालचा स्लोव्हाकिया तेव्हा मुख्यतः शेतीवर जगत होता.

तिथे मोठे अवजड उद्योग आणले ते कम्युनिस्ट राजवटीने: कोशित्सेला पोलाद, मार्टिनला रणगाडे. शीतयुद्ध संपले तशी रणगाड्यांची मागणी आटली. प्रागच्या नव्या सरकारनेही शस्त्रव्यापारातून अंग काढून घ्यायचे ठरवले. बघता बघता स्लोव्हाकियातली बेकारी चेक भागाच्या दुपटीहून अधिक झाली. पुढे पंतप्रधान मेचियार यांच्या कारकिर्दीत सरकारी कारखाने मर्जीतल्या लोकांच्या हाती गेले आणि परदेशी भांडवल बिचकून राहिले.

1998 नंतर झुरिंडा सरकारने घडी बसवली. 2004 मध्ये 19 टक्क्यांचा सरसकट कर आणि युरोपीय संघाचे सदस्यत्व एकाच वर्षी आले. ब्रातिस्लाव्हात फोक्सवागेन 1991 पासून होतीच. 2006 मध्ये त्रनावाला प्यूजो-सित्रोएन आणि झिलिनाला किया, 2018 मध्ये नित्राला टाटांच्या मालकीची जग्वार लँड रोव्हर आली. धातुकामात हात बसलेले कामगार इथे होतेच. जेमतेम 54 लाख लोकांचा हा देश वर्षाला सुमारे दहा लाख मोटारी बनवू लागला आणि चेक उत्पन्नाशी असलेले अंतर झपाट्याने कमी झाले.

गेल्या दशकात मात्र ही घोडदौड मंदावली. त्याचे एक कारण कामाच्या स्वरूपात आहे. स्कोडाही जर्मन मालकीची आहे, तरी नव्या गाडीच्या आराखड्यापासून चाचणीपर्यंतचे काम म्लादा बोलेस्लाव्हमध्ये चालते. स्लोव्हाकियात मुख्यतः जुळणी होते, निर्णय बाहेर होतात. सवलती देऊन कारखाने काही वर्षांत उभे राहतात. गाडीची रचना करणारे इंजिनिअर घडायला पिढ्या जातात. स्लोव्हाकियाने विद्यापीठांवर आणि संशोधनावर आता पैसा लावला नाही, तर उरलेले अंतर मिटणार नाही.