मोटारीतील संगीताचा पाया : पहिले हेड युनिट निवडताना

नवी मोटार दारात उभी राहिली, पूजा झाली, पेढे वाटून झाले, की पुढचा विषय हमखास निघतो तो गाण्यांचा. प्राथमिक श्रेणीच्या काही मोटारींत डॅशबोर्डवर आजही केवळ झाकण लावलेली रिकामी जागा असते. जुनी मोटार घेणाऱ्याच्या वाट्याला अनेकदा बंद पडलेला सीडी प्लेअर येतो. मग ग्राहक मोटारीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातो आणि खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा, सर्वांत मोठा पडदा व सर्वांत कमी किंमत पाहून खरेदी उरकतो. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टींवरून हेड युनिटची प्रत कळत नाही.

ज्याला बरेच जण अद्याप सवयीने 'टेप' म्हणतात, ते हेड युनिट म्हणजे मोटारीतील संगीतयंत्रणेचा पाया. यूएसबी, ब्लूटूथ वा रेडिओवरून आलेला ध्वनिसंकेत घेणे, त्यावर संस्कार करणे आणि तो स्पीकरकडे किंवा अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठविणे हे त्याचे काम. स्पीकर पुढे बदलता येतात, अ‍ॅम्प्लिफायर सवडीने जोडता येतो. पण उगमाशीच संकेत गढूळ असेल, तर महागडा स्पीकर तो गढूळपणाच अधिक स्पष्ट ऐकवितो.

पहिला प्रश्न मापाचा. डॅशबोर्डमधील जागेची प्रमाणित मापे जर्मन मानकावरून आलेली आहेत. सिंगल डिन म्हणजे १८० मिलीमीटर रुंद व ५० मिलीमीटर उंच, तर डबल डिन त्याच रुंदीचे पण १०० मिलीमीटर उंच. मोटारीनुसार निराळी फ्रेम लागते, तिची किंमत आधीच विचारावी. अलीकडच्या काही मोटारींत वातानुकूलन आणि इतर सोयींची नियंत्रणे मूळ पडद्यातच गुंफलेली असतात. अशा ठिकाणी मूळ युनिट काढल्यास त्या सोयी गमवाव्या लागू शकतात. तेथे मूळ युनिट तसेच ठेवून ध्वनिप्रक्रियेचे स्वतंत्र यंत्र जोडणे अधिक श्रेयस्कर.

आता खोक्यावरील '५० वॉट गुणिले ४' या आकड्याविषयी. इंजिन सुरू असताना मोटारीत सुमारे १४.४ व्होल्ट दाब मिळतो आणि मोटारीतील बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात. व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमने भागले, की उत्तर येते जवळजवळ ५२ वॉट. पन्नासचा आकडा येतो तो येथून. मात्र ही शक्ती आवाज पूर्णपणे विकृत झाल्यावरची आहे. स्वच्छ ध्वनिलहरीसाठी तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे २६ वॉट, ही सैद्धान्तिक मर्यादा ठरते. प्रत्यक्षातील गळती वजा जाता हाती उरतात साधारण १५ ते २२ वॉट. म्हणून माहितीपत्रकात 'आरएमएस' हा शब्द आणि 'सीटीए-२००६' या मानकाचा उल्लेख शोधावा. या मानकात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याहून अधिक नाही इतकी विकृती अशी मोजणीची अट आहे. दुकानातच करता येण्याजोगी आणखी एक परीक्षा म्हणजे युनिटच्या पाठीमागचा फ्यूज पाहणे. तो १० अँपिअरचा असेल, तर यंत्र सातत्याने फार तर १४४ वॉट आत घेणार आणि त्यातला बराच भाग उष्णतेत जाणार. ते २०० वॉट बाहेर कोठून देणार? अधिक शक्ती हवी असल्यास दाब वाढविणारा वेगळा अ‍ॅम्प्लिफायरच लागतो.

त्यासाठीच युनिटमागील 'प्रीआऊट' जोडण्या महत्त्वाच्या. पुढचे स्पीकर, मागचे स्पीकर आणि सब-वूफर अशा तीन जोड्या असल्यास भविष्यातील विस्ताराची वाट मोकळी राहते. त्यांवर २ व्होल्टऐवजी ४ व्होल्टचा संकेत मिळत असेल, तर इंजिनाच्या विद्युत यंत्रणेतून येणारी घरघर त्यामानाने कमी ऐकू येते. आज केवळ दारातील दोन स्पीकर बसवायचे असले, तरी ही सोय पाहूनच युनिट घ्यावे.

संस्काराच्या सोयींपैकी दोन विशेष उपयुक्त. एक म्हणजे हाय-पास फिल्टर. सुमारे ८० हर्ट्झखालील खर्ज दारातील छोट्या स्पीकरकडे जाऊ न दिल्यास तो मोठ्या आवाजातही फाटत नाही. दुसरी सोय टाइम अलाइनमेंटची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर त्याला जवळ पडतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. अंतरात अर्ध्या मीटरचा फरक असेल, तर डावीकडचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि गायक उजव्या दारात बसून गात असल्याचा भास होतो. उजव्या स्पीकरला तेवढाच विलंब दिला, की स्वर समोरून येऊ लागतात.

अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेची सोय असल्यास नकाशा आणि फोन पडद्यावर येतात व हातात मोबाइल घेण्याचा मोह टळतो. मात्र चालत्या मोटारीत चित्रपट दिसावा म्हणून हँडब्रेकची तार परस्पर जोडून देण्याचा प्रस्ताव दुकानदाराने मांडल्यास तो ठामपणे नाकारावा. परदेशातील नातेवाइकाने आणलेल्या युनिटचा रेडिओही तपासावा. अमेरिकेतील ट्यूनर ०.२ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी सरकतो, त्यामुळे विभागाची निवड बदलता येत नसेल तर १०१.० किंवा १०२.८ सारख्या कंप्रता त्यावर लागत नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत गंभीर बाब तारांची. सामान्यतः पिवळी तार बॅटरीकडून कायम वीज आणते, लाल तार किल्ली फिरविल्यावर आणि काळी अर्थिंगची. मूळ तारा कापून, पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळणे ही नेहमीची पद्धत. उन्हाने तापलेल्या डॅशबोर्डमागे ती पट्टी सुटते, उघड्या तारा एकमेकींना लागतात आणि शॉर्टसर्किट होते. त्यात कोणी फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा नुसती तार घातलेली असेल, तर आगीलाच आमंत्रण. लाल आणि पिवळी तार एकत्र जोडली, तर मोटार चार दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरलेली सापडते. तारा कापल्याचे कारण दाखवून विद्युत यंत्रणेवरील वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हे निराळेच. म्हणून आपल्या मॉडेलसाठी मिळणारा कपलर वापरूनच जोडणी करून घ्यावी. स्टीअरिंगवरील बटणे चालू राहतील ना, रिव्हर्स कॅमेरा जोडता येईल ना, हेही पैसे देण्यापूर्वी विचारावे आणि बिलावर युनिटचा क्रमांक लिहून घ्यावा.

खर्चाची विभागणी करताना सगळी रक्कम युनिटवर घालवू नये. पुढचे दोन चांगले स्पीकर, कपलर आणि कसबी कारागिराची मजुरी यांसाठी पैसे राखून ठेवावेत. आवाज पारखताना दुकानदाराच्या धडधडत्या गाण्यांवर विसंबू नये. वर्षानुवर्षे ऐकलेले एखादे नाट्यगीत, ढोलकीचा ठेका असलेली एखादी लावणी पेनड्राइव्हवर न्यावी, लाउडनेस बंद करावा आणि मध्यम आवाजात ऐकावे. शब्द स्पष्ट उमटतात का, ढोलकीच्या शाईवरची आणि धुमावरची थाप वेगळी कळते का, एवढे पाहिले तरी दोन युनिटांतील फरक अनुभव नसलेल्या कानालाही समजतो. तो समजल्यावरच पडद्याच्या आकाराचा विचार करावा.