रस्त्याखालची मुंबई

मुंबईत मलवाहिन्या वेगळ्या, पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या. पावसाळ्यापूर्वी गाजणारी नालेसफाई दुसऱ्या जाळ्याची. मलवाहिन्यांची देखभाल बारमाही, म्हणूनच बहुधा बातमीबाहेर. सांडपाणी उताराने उदंचन केंद्रात येते, तिथून पंपांनी पुढे. वरळी आणि वांद्र्याहून ते समुद्रात तीन किलोमीटरहून अधिक आत सोडले जाते.

वाहिनी तुंबवतात खरकटे तेल, चिंध्या, प्लॅस्टिक, राडारोडा. जेटिंग यंत्र पाण्याच्या दाबाने हा गाळ सुटा करते, सक्शन यंत्र तो शोषून घेते.

माणूस आत उतरला, तर खरा वैरी मात्र वायू. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो; प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास थांबला म्हणजे धोका टळला, असे वाटते. संरक्षक साधनांविना माणसाला मलवाहिनीत उतरवणे 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही माणसे मरतात. ऑक्टोबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली.

मॅनहोलचे झाकण गायब दिसले, तर महापालिकेला 1916 या क्रमांकावर कळवा. सोसायटीने मलटाकी उपसायला माणूस बोलावला, तर आधी यंत्र मागा.