प्रोग्रॅमरचे काम आणि भवितव्य

पुढे कोण होणार या प्रश्नाला आज अनेक मुलांकडून ‘प्रोग्रॅमर’ असे उत्तर येते. तथापि प्रोग्रॅमर दिवसभर नेमके काय करतो, हे त्यांतील थोड्यांनाच सांगता येते. संगणकाची एखादी भाषा शिकली की माणूस प्रोग्रॅमर झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे.

एक साधे काम घेऊ. शाळेच्या हजेरीपटातील नावे आडनावांच्या वर्णानुक्रमे लावावयाची आहेत. संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. म्हणून युनिकोड या जागतिक संकेतानुसार देवनागरीतील प्रत्येक वर्णाला एक क्रमांक दिलेला आहे आणि त्या क्रमांकांची तुलना करून यंत्र नावे लावते. या संकेतात ‘ळ’ हा ‘ल’नंतर, परंतु ‘व’ आणि ‘श’ यांच्या आधी येतो. परिणामी काळे हे काशीकरांच्या आधी बसतात. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येत असल्याने क्रम उलटा हवा. ‘क्ष’ची गंमत याहून मोठी. त्याला स्वतंत्र क्रमांकच नाही. ‘क’, हलन्ताचे चिन्ह आणि ‘ष’ असे तीन क्रमांक मिळून तो होतो. त्यामुळे क्षीरसागर हे नाव ‘कौ’ने आरंभ होणाऱ्या नावांनंतर आणि खरे यांच्या आधी जाते. मराठी वर्णमालेप्रमाणे ते यादीच्या अखेरीस हवे.

यंत्र बिघडलेले नसते. पडद्यावर कोणतीही सूचना उमटत नाही, यादी नीटनेटकी छापून येते. शिवाय आपल्या इंदुरात आणखी एक पेच आहे. हिंदी कोशांत ‘क्ष’ हा ‘क’खालीच येतो, म्हणून हिंदीच्या शिक्षकांना क्षीरसागरांची जागा योग्यच वाटेल! कोणता क्रम हवा, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते विचारून घ्यावयाचे, ठरले ते लिहून ठेवावयाचे आणि मग मुद्दाम अडचणीची नावे घालून यादी तपासावयाची, हे प्रोग्रॅमरचे खरे काम होय. प्रत्यक्ष आज्ञा लिहिण्यास त्यामानाने थोडा वेळ लागतो.

दुसऱ्याने लिहिलेले वाचणे हाही या कामाचा मोठा भाग आहे. जुन्या आज्ञावल्यांत जागेची बचत म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवीत. २००० साल उजाडताच ‘००’ म्हणजे १९०० असे यंत्र समजण्याचा धोका होता. म्हणून १९९५ ते १९९९ या काळात भारतातील असंख्य प्रोग्रॅमरांनी कोबॉल भाषेतील परक्यांच्या आज्ञावल्या ओळीगणिक वाचून दुरुस्त केल्या. नवनिर्मितीचा आनंद त्यात नव्हता. परंतु परदेशी कंपन्यांचा आपल्या लोकांवर विश्वास बसण्यास या कंटाळवाण्या कामाचा मोठा हातभार लागला.

आता पालकांच्या मनातील प्रश्न. गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२२ नंतर, साध्या भाषेत सांगितले असता आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. मग ही नोकरी उरेल काय? माझे मत असे, की नवशिक्यांना मिळणारी ठरावीक साच्याची कामे सर्वप्रथम कमी होतील, आणि काही महिन्यांच्या अभ्यासवर्गावर विसंबणाऱ्यांची वाट बिकट होईल. हे लपविण्यात अर्थ नाही. मात्र यंत्राने लिहिलेली आज्ञावलीही क्षीरसागरांना भलत्या जागी बसवू शकते, आणि तक्रार आली असता उत्तर माणसालाच द्यावे लागते. ते देता येण्याइतके ज्याला समजले आहे, त्याची गरज इतक्यात संपेल असे मला वाटत नाही.

ज्यांना या मार्गाने जावयाचे आहे, त्यांनी पदवीची वाट पाहू नये. पायथॉन ही भाषा विनामूल्य मिळते, आय. आय. टी.तील प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटेलवर मोफत ऐकता येतात. गणिताइतकेच भाषेकडेही लक्ष द्यावे, कारण गिऱ्हाइकाला काय हवे आहे ते अखेर बोलण्यातूनच कळते. आणि निदान पहिले वर्षभर आज्ञावली स्वतः लिहावी, यंत्राकडून लिहवून घेऊ नये.