हातातल्या कामातून आलेली कविता

बेंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळी तालुक्यात आहे. तो २००८ साली सुरू झाला आणि टिपू सुलतानाचे जन्मगाव म्हणून ओळखला जाणारा हा भाग जमिनीच्या भावासाठी गाजू लागला. पण याच तालुक्यात चक्कोता, म्हणजे आपले पपनस, पिकते. द्राक्षांचे मळे आणि तुतीची शेते आहेत, विजयपुरात रेशीमकोशांचा बाजार भरतो. अशा कष्टाच्या भूमीत राहणाऱ्या मराठी माणसाने कन्नड वचनांकडे, म्हणजे शिवभक्तांच्या छोट्या गद्यकवितांकडे, वळून पाहिले, तर अभंगांच्या सख्ख्या भावंडांची भेट होते.

बाराव्या शतकाच्या आसपासच्या वचनकारांत जेडर दासिमय्या विणकर होते, मडिवाळ माचय्या परीट होते. अंबिगर चौडय्या नावाडी. इतर वचनकार आपल्या इष्टदेवाचे नाव वचनात गुंफत, चौडय्यांनी मात्र स्वतःचे नाव धंद्यासकट घातले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. बसवण्णांनी श्रीमंतांच्या देवळांसमोर स्वतःचा देहच देऊळ म्हणून उभा केला: पायांचे खांब, डोक्याचा कळस. दगडी देवळात ज्याला जागा नव्हती, त्याला या एका रूपकाने हक्काचा गाभारा मिळाला.

बसवण्णांची कारकीर्द कलचुरी बिज्जळाच्या पदरी मंगळवेढ्यात सुरू झाली, असे मानतात. त्याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकूस बांधताना चोखोबा भिंतीखाली गेले. मधल्या काळात मराठीत तोच प्रवाह वाहत होता. अरणचे सावता माळी मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल पाहत होते. नरहरी सोनारांनी शरीराची बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी केली, त्रिगुणांची मूस केली आणि विवेकाचाच हातोडा केला. सेना न्हावी तर गिऱ्हाइकाची हजामतच मांडतात. आरसा दाखवणे, चिमटा चालवणे, डोक्यावर पाणी चोळणे, शेंडी पिळणे, सगळे क्रमाने येते. आरसा विवेकाचा, चिमटा वैराग्याचा, आणि पिळली जाते ती अहंकाराची शेंडी. ज्याने रोज वस्तरा धरला त्यालाच हा क्रम ठाऊक. वरून चिकटवलेली उपमा आणि कामातून उगवलेली उपमा यांतला फरक इथे उघड दिसतो.

पुढे पंडिती काव्यात कमळे आणि चकोर फार झाले. तरी बायकांच्या जात्यावर जुना प्रवाह चालूच होता. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून तो आज आपल्यापुढे आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. चुलीवरचा तवा, सुगरणीचा खोपा, पिकात शिरलेले ढोर, एवढ्यातून त्यांनी संसार आणि मन उलगडले. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. मुलगा सोपानदेव यांनी ती गाणी लिहिलेले कागद जपले, आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले. वचनांचेही तसेच. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी ताडपत्रे धुंडाळून १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ काढले, नाहीतर कितीतरी वचने वाळवीने खाल्ली असती.

शहरात कामे बदलली, तशी रूपकेही बदलली. मर्ढेकरांच्या कवितेत पिपातले मेलेले उंदीर आले. गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्व्यांनी १९६६ च्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ म्हटले, आणि ते विद्यापीठ रस्त्यावरचे होते. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आला आणि सभ्य मराठीने कधी न पाहिलेली वस्ती नामदेव ढसाळांनी कवितेत आणली.

देवनहळ्ळीत आज हाच बदल डोळ्यांदेखत चालला आहे. चन्नरायपट्टण होबळीतल्या, म्हणजे तिथल्या गावगटातल्या, १,७७७ एकर जमिनीच्या संपादनाविरुद्ध शेतकरी हजारांहून अधिक दिवस बसले आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली. जमीन वाचली तर तिच्यावरची बोलीही काही काळ वाचेल. कोशातून सूत काढणाऱ्या बाईला धाग्याविषयी जे सुचते, ते मला सुचणार नाही. विमानात सामान चढवणाऱ्या पोराची कविताही त्यानेच लिहायची आहे.

बेंगळुरूतल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे. अभंगांच्या शेजारी वचने ठेवून वाचा, मराठीत त्यांची भाषांतरे झालेली आहेत. आणि घरात कुणी वयस्क आजी ओवी म्हणत असेल, तर ती आजच लिहून घ्या.