दारापुढे हिरवळ हवी, पण गवत नको

नवे घर झाले, की पुढच्या मोकळ्या जागेत हिरवळ असावी, असे शहरातून सुट्टीला आलेल्या मुलांना वाटते. हौस वाईट नाही. पण ती पुरवण्याआधी वैशाखात तुमच्या विहिरीला किती पाणी असते, ते आठवा.

आम्हांला ही हौस महागात पडली. विकत आणलेल्या गवताच्या लाद्यांबरोबर मातीतून लव्हाळ्याच्या गाठी आल्या. हिरवळीला रोज पाणी, तेच त्या गाठींनाही मिळाले. दोन पावसाळ्यांत लव्हाळा आणि हरळी, दोन्ही शेजारच्या कांद्याच्या वाफ्यात शिरली. खुरपताना हरळीचे कांडे तुटले, की प्रत्येक तुकडा नव्याने फुटे. घरच्या बायका कंटाळून गेल्या. शेवटी सगळी हिरवळ खणून काढली. दूर्वांपुरती हरळी तुळशीजवळच्या कुंडीत ठेवली आहे, तेवढी पुरते.

मग विहिरीजवळच्या ओलीवर आपोआप पसरलेल्या जलपिंपळीकडे लक्ष गेले. तिला रतोलियाही म्हणतात. जमिनीसरसा वेल, पेरापेराला मुळे, बारीक पांढरी-जांभळट फुले. उन्हात ती चार-सहा बोटांवर फारशी जात नाही. पाऊस लागला, की दोन-तीन पेरांचे तुकडे वीत-वीत अंतरावर खोचा. पहिले दोन महिने तण काढावेच लागते. इथे आळस केलात, तर मेहनत फुकट. एकदा जमीन झाकली, की धूळ उडत नाही, माती वाहत नाही. उन्हाळ्यात पाणी तुटले तर वेल वाळल्यासारखा दिसतो, पण पावसाबरोबर पुन्हा फुटतो. फुलांवर मधमाश्या येतात, तेव्हा पोरे अनवाणी खेळतात तिथली फुले विळ्याने छाटून टाका.

मात्र हीसुद्धा पसरणारीच. ऑस्ट्रेलियात नदीकाठच्या कुरणांत तिची एक जवळची भावंड जात डोकेदुखी झाली आहे. तेव्हा शेताच्या कडेला नको. दारापुढे विटांची कड घालूनच लावा. शहरातल्या रस्त्यांकडेला दिसणारे पिवळ्या फुलांचे वेडेलिया तर आणूच नका. ते ओढ्यानाल्यांत शिरले, की आवरत नाही.

सावलीतल्या ओलीवर मंडूकपर्णी छान पसरते. मोरीच्या साबणाच्या पाण्यावर वाढलेली पाने मात्र खाऊ नका. आणि एका पावसाळ्यापुरतीच जागा झाकायची असेल, तर रताळ्याचा वेल लावा. पाला जनावरांना, रताळी उपासाला!

धान्य आणि कुरडया वाळवायच्या जागी यातले काहीच नको. तिथे शेणाने सारवलेले अंगणच बरे.