माळवदावरचे आकाश

मला आकाश दाखवले ते सास्तूरच्या एका माळवदाने. १९७९ चा उन्हाळा होता. मी नवाच शिक्षक, शाळेतल्या सोबत्याच्या घरी मुक्कामाला गेलो होतो. जेवणे झाली आणि सगळे घर वळकट्या काखेत मारून माळवदावर चढले. लाइट गेलेली. मित्राच्या आजोबांनी पडल्या पडल्या बोट वर केले आणि सप्तर्षी दाखवले. ते त्याला म्हातारीची बाज म्हणत: चार खूर बाजेचे, मागचे तीन चोर. विंचू मावळतीला कलला की उठून गुरांना वैरण टाकायची, हे त्यांना घड्याळाशिवाय कळे. त्या रात्री मला जे वेड लागले, ते आज चाळीसहून अधिक वर्षे उतरलेले नाही.

मी ख्रिस्ती घरातला. आजोबांनी सोलापुरात बाप्तिस्मा घेतला, पण त्यांची जन्मपत्रिका आजीच्या ट्रंकेत शेवटपर्यंत होती. लाल-काळ्या शाईची हातभर लांब गुंडाळी, कडेला हळदीचे बोट लागलेले, आणि तिच्यावर ठेवलेले जुने बायबल. लहानपणी मी एकदा विचारले, "आजी, आपण हे मानत नाही ना? मग ठेवलंस कशाला?" ती म्हणाली, "बाळा, त्यांच्या आईनं करून घेतलेली आहे ती. आईची वस्तू टाकतात होय?" पत्रिका खरी असते का, आणि ख्रिस्ती माणसाने ती उघडावी का, हे दोन प्रश्न त्या ट्रंकेतूनच माझ्या मागे लागले.

इतिहास थोडक्यात उरकतो. ग्रह पाहून राज्याचे भविष्य सांगण्याची रीत बाबिलोनची. माणसागणिक कुंडली मांडण्याची पद्धत ग्रीकांच्या हाती वाढली आणि बारा राशींसह आपल्याकडे आली. सत्तावीस नक्षत्रे त्याहून जुनी, इथलीच. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ ज्याने वाचला, त्याला गणित आणि फलित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. मृगावर पेरणी करणारा शेतकरी गणित वापरतो. मृगावर जन्मलेले पोर कसे निघेल हे सांगणारा फलित सांगतो. माझे भांडण फक्त दुसऱ्याशी आहे.

आणि ते भांडण पुण्यात एकदा नीट तपासून झाले आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून ही चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले, अशा दोनशे जणांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या तयार केल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या द्यायच्या आणि त्याने एवढेच सांगायचे: मूल हुशार की मतिमंद? एक्कावन्न जण पुढे आले, उत्तरे सत्तावीस जणांची आली. सरासरी शेकडा शेहेचाळीस बरोबर. नाणे उडवले असते तर शेकडा पन्नासच्या आसपास आले असते. ज्याची सर्वांत जास्त उत्तरे जुळली, त्यालाही चाळीसपैकी चोवीसच साधली. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या पाहिल्या आणि एकशे दोन बरोबर सांगितल्या. हा निबंध २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. प्रश्न अवघड नव्हता. आयुष्यातला एवढा मोठा फरक कुंडलीत दिसत नसेल, तर लग्नाचे वर्ष आणि बदलीचे गाव तिथे कुठून दिसणार?

मंगळाचेही एकदा सांगून टाकतो, कारण त्यापायी शिकल्यासवरलेल्या मुली घरात बसलेल्या मी पाहिल्या आहेत. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मुलगी मंगळाची. बारांपैकी पाच स्थाने. मंगळ रोज चोवीस तासांत बाराही स्थानांतून फिरतो, म्हणजे शंभरातली चाळीसएक माणसे मंगळाचीच जन्मणार. शेजारच्या घरात शोधायलाही जायला नको.

आता माझा आवडता कोपरा. वाचकांनी जरा सवड काढावी.

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी मी सहा इंची दुर्बीण घेऊन सास्तूरच्या शिवारात उभा होतो. नैर्ऋत्येला, मावळतीच्या लालीवर, गुरू आणि शनी एकमेकांना खेटून आले होते. दोघांतले अंतर चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढे; १६२३ नंतर ते इतके जवळ आलेले नव्हते. एकाच भिंगात शनीचे कडे आणि गुरूचे चार चंद्र! मास्क लावलेली पोरे रांगेत उभी होती. पाचवी-सहावीतली एक मुलगी डोळा भिंगावरून न काढता म्हणाली, "सर, नाताळचा तारा म्हणतात तो हाच का?"

हा प्रश्न योहानेस केप्लरलाही पडला होता. डिसेंबर १६०३ मध्ये त्याने गुरू-शनीची युती पाहिली, पुढच्याच वर्षी त्याच भागात नवा तारा उजळला, आणि तो उलटे गणित करत मागे गेला. इसवी सनापूर्वी ७ या वर्षी गुरू आणि शनी मीन राशीत एकदा नव्हे, तीनदा जवळ आले होते. पहिली युती मेअखेर, शेवटची डिसेंबरात. मधली काहींच्या गणिताने सप्टेंबरच्या अगदी अखेरीस पडते. सप्टेंबरअखेर! हे प्रथम वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण सास्तूरच्या माणसाला ३० सप्टेंबर म्हटले की १९९३ च्या भूकंपावाचून दुसरे काही आठवतच नाही. रात्रभर मी त्या दोन तारखा जोडत बसलो. सकाळी डोके ताळ्यावर आले. दिनदर्शिका वेगळी, दोन हजार वर्षांचे अंतर, आणि वर्षात दिवस तीनशे पासष्टच. पण त्या रात्रीने मला एक धडा दिला. ज्योतिषावर विश्वास बसतो तो मूर्खपणाने नव्हे. मनाला जोड हवी असते, आणि दुःख असले की ती जास्तच हवी असते.

तर, ती युती म्हणजेच बेथलेहेमचा तारा का? मला तसे वाटत नाही. त्या वर्षी दोन ग्रहांमध्ये चंद्राची दोन बिंबे मावतील एवढी जागा होती. ते एक तारा म्हणून दिसणे शक्य नव्हते. आणि २०२० मध्ये खेटलेले दिसले तेव्हाही दोघांत खरे अंतर सुमारे ७३ कोटी किलोमीटर होते. जवळीक आपल्या डोळ्यांची, त्यांची नव्हे.

पण मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूजन्माची कथा मी जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा मला त्या मागी लोकांचे नवल वाटते. ते राजे होते असे मत्तय म्हणत नाही, तीन होते असेही म्हणत नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून आपण तिघे केले. ते तारे पाहणारे होते, आणि देवाने त्यांना त्यांच्या भाषेत बोलावले. ज्योतिष मानणारे ख्रिस्ती लोक इथवर आनंदाने सांगतात आणि थांबतात. मी म्हणतो, पुढे वाचा. ताऱ्याच्या भरवशावर ते कुठे पोहोचले? यरुशलेमेत, हेरोद राजाच्या दारात. चुकीच्या घरी. गावाचे नाव त्यांना तारा देऊ शकला नाही. ते मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथातून काढावे लागले. आणि त्यांनी हेरोदाला ताऱ्याची वेळ सांगितली, तिचा हिशेब धरून त्याने बेथलेहेमातली दोन वर्षांखालची लेकरे मारली. शेवटी तारा त्यांना बाळापर्यंत नेतो हे खरे; पण तिथे पोहोचल्यावर ते ताऱ्याला नमन करत नाहीत. त्यांनी बाळापुढे गुडघे टेकले आणि परतले ते दुसऱ्या वाटेने.

म्हणून मंडळीने हा प्रश्न फार लवकर निकाली काढला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र यांची नावेसुद्धा घेतलेली नाहीत; एक मोठी ज्योती, एक लहान ज्योती, ऋतू, दिवस आणि वर्षे मोजण्यासाठी टांगलेली. ज्या बाबिलोनात सूर्यचंद्र देव होते, त्याच्या शेजाऱ्याने हे लिहिले आहे. संत ऑगस्टीन तरुणपणी पत्रिका मानत असे. त्याचा विश्वास उडाला तो एका साध्या हकिकतीने: श्रीमंताघरचा मुलगा आणि त्या घरच्या ओळखीतल्या एका दासीचा मुलगा अगदी एकाच घटकेला जन्मले, एक वैभवात वाढला, दुसरा गुलामच राहिला. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिकवणीतही जन्मपत्रिका आणि ज्योतिष स्पष्ट नावे घेऊन नाकारले आहे. कारण असे की, त्यामागे काळावर सत्ता मिळवण्याची ओढ असते.

शिकवण अशी आहे. घरे आपापल्या चालीने चालतात. आमच्या मंडळीतल्या एका गृहस्थांनी पाळकांकडे मुलीच्या लग्नाची तारीख बदलून मागितली होती. भिंतीवर तेच कालनिर्णय, ज्यात गुड फ्रायडेही असतो आणि अमावास्याही. म्हणाले, "पाळकसाहेब, मी काही मानत नाही, पण पाहुणे मानतात." मला त्यांचा राग आला नाही. भीती शेजारपाजारातून येते, आणि शेजार सोडून कोण कुठे जाणार?

आता मूळ गोष्टीकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. पौर्णिमेला टेकलेला चंद्र मावळतीकडे होता. भूकंप सहाच्या किंचित वरचा, पण उथळ. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही सेकंदांत बसली. मृतांचा आकडा सरकारी नोंदीत आठ हजारांच्या आसपास, इतर नोंदींत दहा हजारांच्या जवळ. दख्खनचा पाषाण स्थिर समजला जात होता, तरी १९९२ मध्येच किल्लारीकडे धक्के बसून गेले होते.

मग सांगणारे आले. कोणी पौर्णिमा सांगितली, कोणी ग्रह सांगितले, कोणी गावाचे पाप सांगितले. कॅनीच्या लढाईत पडलेल्या हजारो रोमनांबद्दल सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी विचारले होते: या सगळ्यांची पत्रिका एकच होती काय? ऑगस्टीनला एका जन्माची दोन नशिबे दिसली. सास्तूरला हजार जन्मांची एक पहाट दिसली.

हे मला एका बाईने शिकवले. दुर्बिणीच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी मी पुनर्वसनातल्या तिच्या घरी चहाला गेलो होतो. साठी ओलांडलेली, भूकंपात दोन लेकरे गेलेली. ती म्हणाली, "मास्तर, थोरला रोहिणीवरचा. धाकटी मुळावरची, म्हनून सासूनं तिची शांत केलती. शांत केलेली बी गेली, न केलेला बी गेला. एकाच भिंतीखाली. आन् लोक म्हनले, माझ्याच पायगुणानं."

मी तिला लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगितली. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असे वाटते का, असे येशूने लोकांना विचारले, आणि स्वतःच नाही म्हणून सांगितले. पुढे तो ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो; पण मेलेल्यांच्या माथी दोष मारू देत नाही. पत्रिका हेच तर करते. कारण शोधता शोधता ती मेलेल्याच्या नाहीतर मागे राहिलेल्या सुनेच्या कपाळापाशी येऊन थांबते.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या अठरा जणांची नावं लिवलीत का त्यात?"

"नाहीत," मी म्हणालो.

"आन् बुरूज कसा बांधलेला, ते?"

"तेही नाही."

"मग आमची भिंत तरी लिवा."

तर लिहितो. भिंत दोन-अडीच हात रुंद होती. बाहेरून एक थर दगडांचा, आतून एक थर, मधे चिखल आणि खांडके. दोन्ही थरांना सांधणारा आडवा लांब दगड कुठेही नव्हता, त्यामुळे हादरा बसताच दोन्ही पदर फुगून सुटले. वर लाकडाच्या पाटणीवर मातीचा थर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी पांढरी माती पडे, आणि आज्या-पणज्यांपासूनची ती माती साठून छत टनावारी जड झालेले. जिथे लाकडी खांब-तुळया धडपणे सांधलेल्या होत्या, तिथे भिंत ढासळली तरी छत तगलेले मी पाहिले. ज्यांना दगडी घर परवडले नव्हते, अशा कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांतली बरीच माणसे चालत बाहेर आली. रोहिणीवरची आणि मुळावरचीही.

ज्या माळवदावर मी सप्तर्षी ओळखायला शिकलो, ते असेच होते. आम्ही उन्हाळ्यात त्याच्यावर झोपलो. सप्टेंबरात, पावसाच्या दिवसांत, लोक त्याच्याखाली झोपले होते.