सुट्टीतली प्रयोगशाळा

एमबीबीएसला शिकणाऱ्या मुलामुलींना संशोधन जमेल का? इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने, म्हणजे आयसीएमआरने, १९७९ साली या प्रश्नाला 'का नाही?' असं उत्तर दिलं आणि शॉर्ट टर्म स्टुडंटशिप सुरू केली. मुलं तिला नुसतं 'एसटीएस' म्हणतात. विद्यार्थ्याने आपल्याच कॉलेजातले एक सर किंवा मॅडम मार्गदर्शक म्हणून गाठायचे, दोन महिन्यांत तड लागेल असा छोटासा प्रश्न शोधायचा आणि प्रस्ताव पाठवायचा. निवड झाली की काम, कामानंतर अहवाल, आणि अहवाल मंजूर झाला तरच विद्यावेतन. अलीकडे ही रक्कम ५० हजार रुपयांवर गेली आहे. प्रश्न विद्यार्थ्याचा असतो, हे मला या योजनेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. बारावीपर्यंत आणि नीटपर्यंत ज्याने फक्त दुसऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं दिली, त्याला इथे पहिल्यांदा स्वतः काहीतरी विचारायला सांगितलं जातं.

छत्रपती संभाजीनगरात गजानन महाराज मंदिराच्या बाजूने पुंडलिकनगरात शिरलं की नोकरदारांची, कामगारांची घरं आणि भाड्याच्या खोल्या लागतात. इथल्या मुलामुलींना संशोधन म्हटलं की पुणे, मुंबई, बेंगळुरू आठवतं. पण जालना रोड ओलांडून पाणचक्कीच्या अंगाला गेलं की घाटी आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ सालचं. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण इथे येतात, आणि इतके रुग्ण जिथे येतात तिथे प्रश्नांना तोटा नसतो.

असाच एक प्रश्न घेऊ. लघवीच्या संसर्गातले जंतू कोणत्या प्रतिजैविकांना दाद देईनासे झालेत? वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात विद्यार्थ्याला साजेसा हा विषय. ऐकायला सोपा, पण हात लावला की त्याचे पदर कळतात. नमुन्यातले जंतू वाढवायचे, ओळखायचे, ठराविक गढूळपणाचं द्रावण होईपर्यंत सलाइनमध्ये मिसळायचे, अगारच्या प्लेटवर कापसाच्या काडीने सारखे पसरायचे, त्यावर औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट ३५ ते ३७ अंशांना रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि तक्त्याशी ताडून लिहायचं: औषध चालतं, किंवा चालत नाही.

आता खरी मेख. अगारचा थर साधारण चार मिलिमीटर हवा. तो पातळ पडला तर वर्तुळ मोठं दिसतं, आणि औषधाला न जुमानणारा जंतू कागदावर गरीब ठरतो. जंतूंचं द्रावण पातळ झालं तरी तेच. म्हणून ज्याचं वागणं आधीच पक्कं ठाऊक आहे असा ई. कोलायचा एक प्रमाणित वाण दर खेपेला सोबत लावायचा. त्याचं वर्तुळ ठरलेल्या मर्यादेत आलं नाही तर त्या दिवसाची सगळी मोजणी बाद. कितीही मेहनत झालेली असो, बाद म्हणजे बाद. थिअरीच्या पेपरात 'कंट्रोलचे महत्त्व' यावर चार गुण मिळवता येतात. ते महत्त्व अंगात मुरतं ते अशा बाद झालेल्या सकाळी.

वहीचंही तसंच. प्रयोगवही पेनाने लिहायची, पान फाडायचं नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. पिपेटवर हात बसवायला आधी पाणी वजनकाट्यावर मोजायचं, कारण हजार मायक्रोलिटर पाणी जवळपास एक ग्रॅमच भरायला हवं. माणसाचा नमुना घ्यायचा तर त्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून घेतलेली संमती. मराठीतून दिलेली दोन मिनिटांची ती माहिती मला पिपेटइतकीच महत्त्वाची वाटते. समोरची बाई 'नको' म्हणाली तर तो नकार मान्य करून पुढे जाणं, हेही तिथेच शिकायला मिळतं.

शिकाऊ मुलांच्या हातून काय होणार, असं म्हणणाऱ्यांनी मधुमेहाचा इतिहास पाहावा. पॉल लँगरहान्स बर्लिनमध्ये वैद्यकशास्त्र शिकत होता तेव्हा त्याला स्वादुपिंडात पेशींची वेगळीच बेटं दिसली. १८६९ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने ती प्रबंधात नोंदवली. त्यांचं काम काय, हे त्याला सांगता आलं नाही. दिसलं तेवढं त्याने नेमकं लिहिलं. पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात टोरंटोत याच बेटांतलं द्रव्य शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगला मदतनीस म्हणून चार्ल्स बेस्ट मिळाला, नुकताच पदवीधर झालेला, बावीस वर्षांचा. दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोणी काम करायचं, हे नाणं उडवून ठरलं होतं. रक्तातली साखर मोजणं हे बेस्टचं काम, आणि त्याच्या आकड्यांवरच सगळं उभं होतं. पुढच्या जानेवारीत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला त्यांनी स्वादुपिंडातून काढलेल्या अर्काचं, म्हणजे इन्सुलिनचं, पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. इन्सुलिनच्या कथेत पहिल्या टोकाला एक विद्यार्थी आहे, आणि शेवटच्या टोकालाही.

आपल्याकडे दार उघडण्यासाठी भांडावंही लागलं आहे. दुर्गा भागवतांची धाकटी बहीण कमला, पुढे कमला सोहोनी, १९३३ साली बीएस्सी होऊन बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे गेली, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तिला नाकारलं. ती हटली नाही. शेवटी तिला एक वर्ष परिवीक्षेवर घेतलं गेलं. त्याच कमलाबाई पुढे केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकही.

आज अडसर वेगळा आहे. बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेतलेल्यांसाठी तीन विज्ञान अकादम्यांची मिळून समर फेलोशिप आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटसारख्या संस्थाही सुट्टीत विद्यार्थी घेतात. पण जागा थोड्या, आणि परगावी दोन महिने राहायचं म्हणजे खोली, मेस, प्रवास. विद्यावेतन हातात पडेपर्यंतचा खर्च घरानेच सोसायचा. मुलगी असेल तर घरच्यांची काळजी वेगळी. या फटीत पैसे घेऊन इंटर्नशिपचं प्रमाणपत्र देणारे शिरले आहेत. पंधरा दिवस लांबून यंत्र दाखवायचं आणि रंगीत कागद हातात द्यायचा, याला माझ्या मते फसवणूकच म्हटलं पाहिजे.

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीत संशोधनाची वाट आहे, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांसाठी. पण चौथ्या वर्षी अचानक संशोधक होता येत नाही. हात आधीच्या सुट्ट्यांत बसलेला असावा लागतो. त्यासाठी घाटीतले विभाग, विद्यापीठातल्या प्रयोगशाळा आणि शहरातली विज्ञान महाविद्यालयं यांनी दर उन्हाळ्यात पदवीच्या दोन-दोन विद्यार्थ्यांना टेबल दिलं तरी पुष्कळ होईल. चिकलठाणा-वाळूजच्या औषध कंपन्यांनी या विद्यार्थ्यांच्या बसभाड्याचा आणि जेवणाचा भार उचलावा. एवढी रक्कम त्यांना जड नाही.

आणि विद्यार्थ्यांना सांगणं एकच: अकादम्यांचे अर्ज साधारण नोव्हेंबरात भरले जातात, परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. दिवाळीच्या सुट्टीआधीच आपल्या विभागातल्या एखाद्या सरांना, मॅडमना भेटा, आणि जाताना स्वतःचा एक प्रश्न लिहून न्या.